गोरिलावाल्या दुकानातली घरगाडी

११ एप्रिल, शनिवार

घरगाडी घ्यायचं काम आईने आज रीतसर माझ्याकडे सोपवलं. "तू शिकलेली. तू बोल. मी मागे उभी राहते," असं ती म्हणाली. आई आजवर कशातही मागे उभी राहिल्याचं मला आठवत नाही, म्हणून ही जबाबदारी मी फार मनावर घेतली आहे.

आईने अठ्ठावीस वर्षं शाळेच्या खानावळीत रांधलं. गेले तीन उन्हाळे ती डोंगरावरच्या हॅरिगन तळ्याच्या सरकारी कॅम्पमध्ये यजमानीण म्हणून जागा मागत होती. उन्हाळाभर तिथे राहायचं, तंबूवाल्यांना जागा दाखवायची, गोंगाट करणाऱ्यांना दटावायचं. त्याबदल्यात पाणी, वीज आणि पाइनची सावली फुकट. इथे खाली वाळवंटात, मेसा शहरात, जून महिन्यात गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, त्यामुळे त्या सावलीसाठी माणसं वर्षानुवर्षं यादीत थांबतात. यंदा आईचा नंबर लागला. अट एकच: राहायचं घर आपलं आपण आणायचं, चाकांवरचं. पत्रात लिहिलं आहे: १ मे, दुपारी चारच्या आत, गळत नसलेलं आणि संडास चालू असलेलं वाहन घेऊन हजर व्हावं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल.

मी एक फोल्डर केलं आहे. लाल खूण म्हणजे शंका, हिरवी म्हणजे समाधान. माझा पदवीचा प्रबंध 'विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला विश्वास' याच विषयावर होता, आणि तो आता पहिल्यांदाच कामाला येईल. आमच्या घराण्यातला तो पहिला प्रबंध. आईने तो वाचला नाही, पण सगळ्या शेजाऱ्यांच्या हातात देऊन त्याचं वजन दाखवलं.

माझं तत्त्व साधं आहे. विक्रेता हाही माणूस आहे. आपण खरं बोललो तर तोही खरं बोलतो.

१२ एप्रिल, रविवार

हमरस्त्यावरच्या गोरिलावाल्या दुकानात गेलो. छपरावर हवा भरलेला जांभळा गोरिला आहे, त्याच्या गळ्यात 'सेल' अशी पाटी. थंडीपुरते इथे येऊन राहणारे म्हातारे लोक एप्रिलमध्ये उत्तरेला परततात आणि जाताना गाड्या विकतात, म्हणून आवार खच्चून भरलं होतं. हॉट डॉग फुकट होते. आईने दोन खाल्ले आणि दोन पर्समध्ये ठेवले.

आमचा विक्रेता कोल्बी. सव्वीस-सत्तावीसचा असेल. दात फार पांढरे. हात मिळवताना त्याने मला तीनदा 'रोझान' म्हटलं, आईला 'मिस वर्ना'. मला हे आवडलं.

"मिस वर्ना, रोझान, एकच विचारतो," तो म्हणाला. "मी असं काय केलं तर तुम्ही आजच्या आज गाडी घरी न्याल?"

मी नीट विचार करून सांगितलं, "आज शक्य नाही. आमच्या अंगणात जागा नाही, शेजारच्यांची बोट आहे तिथे."

तो थोडा वेळ हसतच राहिला.

मग त्याने आम्हाला ती घरगाडी दाखवली. पंधरा वर्षांची, तेवीस फुटी, पांढरी, कडेला निळी लाट रंगवलेली. आत दालचिनीच्या बिस्किटांचा काय सुंदर वास येत होता! कोणीतरी प्रेमाने वापरलेली वास्तू आहे हे लगेच कळत होतं. हिरवी खूण.

आई मात्र फार थकलेली दिसली. आत जाताच तिने बूट काढले आणि मागच्या पलंगावर उताणी पडली. दहा मिनिटं ती छताकडे बघत होती. मग म्हणाली की कानातलं पडलं, आणि गुडघ्यांवर सबंध जमीन धुंडाळली, कोपरान् कोपरा दाबून. बाहेर आल्यावर तिच्या बुटाची नाडी सुटली. पुढच्या चाकापाशी एकदा आणि मागच्या चाकापाशी दोनदा. मला कोल्बीसमोर अवघडल्यासारखं झालं. (कानातली दोन्ही घरी डबीतच सापडली. बरं झालं.)

कोल्बीने मग मायेने विचारलं, "कधीपर्यंत लागणार आहे? आणि साधारण मनात आकडा काय?"

आईला तेवढ्यात जोराचा खोकला आला. मी तिला पाणी आणून दिलं आणि त्याला सगळं मोकळेपणाने सांगितलं. एक मे म्हणजे एक मे, दुपारी चार; आणि आमच्याकडे आहेत अठरा हजार, त्याच्या वर एक डॉलर नाही. पाटीवर तेवीस हजार नऊशे होते. त्याला आपली अडचण कळली की तो आपल्या बाजूने विचार करेल, नाही का?

आईचा खोकला गाडीत बसेपर्यंत थांबला नाही. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं.

१४ एप्रिल, मंगळवार

दुपारी कोल्बीचा फोन. आवाज खाली आणून म्हणाला, "रोझान, तुम्ही मला आवडलात म्हणून सांगतोय. यूमाहून एक जोडपं निघालंय, तीन वाजता पोचतील, रोख पैसे घेऊन. त्याच गाडीसाठी."

"म्हातारं आहे का जोडपं?"

"हो... म्हातारंच. का?"

"त्यांना दुसरं घर आहे का?"

"ते... ते मला नक्की नाही माहीत."

"मग कोल्बी, आमच्यापेक्षा त्यांची गरज मोठी असेल तर गाडी त्यांना द्या. आम्ही दुसरी बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिकडून गोरिलात हवा भरणाऱ्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

साडेतीनला परत फोन. जोडप्याचा बेत रद्द झाला म्हणे. दोघांपैकी कोणी आजारी तर नाही ना, असं मी विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

१८ एप्रिल, शनिवार

फार मोठा दिवस. क्रमाने लिहिते.

कोल्बीने कागदावर एक फुली मारून चार चौकोन केले आणि त्यात आकडे लिहिले. किमतीचा आकडा त्याने इतका बारीक काढला की मला चष्मा पुसावा लागला. महिन्याचा हप्ता मात्र टपोऱ्या अक्षरात. मी सांगितलं की आम्हाला हप्ते नकोत. तो म्हणाला, "तुमच्यासाठी मला साहेबांशी भांडावं लागेल," आणि काचेच्या खोलीत गेला. साहेब म्हणजे मिस्टर डर्क. ते कधी बाहेर येत नाहीत. काचेतून फक्त त्यांचं डोकं दिसतं. कोल्बी पाच वेळा आत गेला. दर वेळी येताना टाय थोडा सैल. परक्या माणसाने आमच्यासाठी एवढं झगडावं!

मधेच त्याने आईच्या जुन्या पिकअपची किल्ली मागितली. "नुसती किंमत काढून देतो, मिस वर्ना. बदल्यात द्यायची असेल तर कामी येईल." आईने दिली. मग ती किल्ली हरवली. कोण घेऊन गेलं, कुठे ठेवली, कोणालाच माहीत नाही. "तोवर बसा, कागद पूर्ण करू," असं कोल्बी म्हणत राहिला. मला त्यांच्या कामातल्या ढिसाळपणाची काळजी वाटली. मी त्याला किल्ल्यांसाठी नंबराच्या खुंट्या लावायची एक पद्धत काढून दिली.

आई अजिबात चिडली नाही. तिने पर्समधून विणकाम काढलं आणि खुर्ची उचलून थेट मुख्य दारात नेऊन ठेवली. आत येणाऱ्या प्रत्येकाशी ती गोड बोलत होती.

"या, या. हॉट डॉग तिकडे आहेत. किल्ली मात्र देऊ नका हं बाई, माझी हरवलीय यांनी. दोन तास झाले. मला काही घाई नाही, मी मोजा पुरा करून जाईन."

एक कुटुंब दारातूनच परत फिरलं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी काचेतलं डोकं उभं राहिलं. पाचच मिनिटांत किल्ली सापडली, कोल्बीच्याच मेजावर, एका कपाखाली. किती साधी गोष्ट असते!

आणि मग चमत्कार. किंमत खाली आली: सतरा हजार नऊशे नव्वद. बरोबर आमच्या आवाक्यात! दहा डॉलर उरवून! माझे डोळे भरून आले. मी आईकडे पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, सूप खारट झाल्यावर ती पातेल्याकडे बघते तसं.

पुढे आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक अत्तर लावलेल्या बाई होत्या आणि एकतीस पानं. तयारीचा खर्च. कागदपत्रांचा खर्च. गाद्यांना डाग लागू नयेत म्हणून एक फवारा. टायरमध्ये खास हवा. पाच वर्षांची हमी, ज्यात छत, टायर, नळ आणि इंजिन येत नाही. मी प्रत्येक पान वाचलं आणि प्रत्येक ओळीचं कारण विचारलं. तिसऱ्या तासाला त्या बाईंचं अत्तर ओसरलं. एकूण झाले एकवीस हजार दोनशे.

"पण तुम्ही सतरा म्हणालात," मी म्हणाले.

"ती गाडीची किंमत," कोल्बी म्हणाला. "ही गाडी घेण्याची."

"चल घरी," आई म्हणाली. विणलेला मोजा तिने त्या मेजावर सोडला. एकच.

१९ एप्रिल, रविवार

सकाळपासून मला चैन नव्हतं. शेवटी आईला सांगितलं की तारीख आणि आकडा दोन्ही मी कोल्बीला सांगून टाकलं होतं. तुझी तीन वर्षांची वाट माझ्यामुळे वाया गेली तर, असं म्हणताना मला रडू आलं.

आई भांडी घासत होती. "होते की मी तिथे. खोकून खोकून घसा फाटला माझा."

मग ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली.

"रोझी, समजा मी तुला एखादी गोष्ट गुपचूप सांगितली. आणि त्या पोराने विचारलं. तर?"

"मी स्वतःहून सांगणार नाही."

"आणि त्याने तोंडावर विचारलं तर?"

"मग खोटं नाही बोलता येणार मला, आई. मला जमतच नाही. तू रागावू नकोस."

"रागावू कशाला?" आई म्हणाली. ताट खाली ठेवून तिने ओल्या हातांनीच माझा चेहरा धरला. "असा चेहरा लाखात एखाद्याचा असतो. मी फुकट घालवत होते."

दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. दुपारी तिने पीच भरून गोड पाई भाजली, तीही कोणाचा वाढदिवस नसताना.

२० एप्रिल, सोमवार

दोन आनंदाच्या बातम्या, आणि एक माझ्याकडून घडलेली चूक.

कॅम्पच्या रेंजरबाईंचा आईला फोन आला होता. हजर व्हायची तारीख वीस मेपर्यंत पुढे गेली! मला आभाराचा फोन करायचा होता, पण त्या आजपासून रजेवर आहेत. आणि किंगमनला कोणी एक विधवा बाई आहेत, दंतवैद्याच्या पत्नी. त्या त्यांचा ट्रेलर आईला जवळजवळ फुकटात देणार आहेत. आईला त्या कुठे भेटल्या? "चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत," ती म्हणाली. "पण हे कोल्बीला अजिबात कळता कामा नये हं. शपथ आहे तुला."

आणि बघा योग. बोलणं संपतं न संपतं तोच आईने फोन माझ्या हातात दिला. "वाजतोय. मी आंघोळीला चाललेय, तू बोल."

कोल्बीच होता. "काय मग रोझान, एक मे जवळ येतोय! काही विचार?"

मी गप्प बसले.

"रोझान? तारीख तीच आहे ना?"

आता सरळ विचारल्यावर मी काय करणार? चार मिनिटांत त्याने सगळं काढून घेतलं. वीस मे. ट्रेलर. दंतवैद्याची बायको. तो ट्रेलर किती फुटी, हेही त्याने विचारलं, पण ते मला खरंच माहीत नव्हतं.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत नव्हता. आई दाराआडच उभी होती. मी तिला सगळं सांगून माफी मागितली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिला इतकं दुखावलं.

२२ एप्रिल, बुधवार

आईने मला माफ केलं आहे. इतकंच नाही, ती पुन्हा विश्वासाने मनातलं सांगू लागली आहे. आज म्हणाली की गोरिलावाली गाडी तिला मनापासून आवडली आहे, पण पलंगाच्या वर, छताच्या झरोक्याभोवती, पाणी मुरल्याचा चहासारखा डाग आहे, आणि टायरवरच्या आकड्यांवरून ते नऊ वर्षांचे दिसतात. जमीन मात्र घट्ट आहे. छत नीट करून, मागच्या जोडचाकांसकट सहाही टायर नवे घालून, वरचे सगळे खर्च धरून सोळा हजारांत देत असतील तर ती दंतवैद्यीणबाईंना नाही म्हणेल. "पण हे आपल्या दोघींतच."

मी या वेळी ओठ घट्ट मिटायचं ठरवलं. कोल्बीचा फोन आला तेव्हा आई बागेत गेली होती. (आमच्याकडे बाग नाही. दोन निवडुंग आहेत.)

"तुमच्या आईला नक्की काय अडतंय, रोझान? सांगा ना खरं."

'खरं' हा शब्द ऐकला की माझे ओठ मिटलेले राहत नाहीत.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तो डाग त्यांनी कधी बघितला?"

"माहीत नाही हो. त्या दिवशी तर ती थकून नुसती पडली होती."

कोल्बी आज वेगळाच वाटला. दमलेला. म्हणाला, "रोझान, तुमच्याशी बोललं की मलाही खोटं बोलवत नाही. मला या महिन्यात अजून एक गाडी विकायची आहे. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर माझा बोनस गेला. हे आईला सांगू नका हं."

मी स्पष्ट सांगितलं की आईपासून मी काही लपवत नाही.

"मग नाही सांगितलं असं समजा," तो म्हणाला. पण सांगितलेलं न सांगितल्यासारखं कसं समजणार?

आईला सांगितलं. तिला त्याचं फार वाईट वाटलं. "तीस तारीख का? संध्याकाळ?" तिने दोनदा विचारलं. "मग आपण उगाच घाई नको करायला. बिचाऱ्याला शेवटच्या दिवशी आनंद देऊ."

प्रबंधात मी हेच तर लिहिलं होतं. विश्वासाने विश्वास वाढतो.

२६ एप्रिल, रविवार

कोल्बीचे रोज फोन येतात. सतरा, सगळं धरून. मग साडेसोळा. आई म्हणते, थांब.

एक कळत नाही. तारीख वीस मेपर्यंत पुढे गेली तरी आई अस्वस्थ आहे. बिडाचा तवा तिने वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरला. विचारलं तर म्हणाली, वसंतातली साफसफाई. आज पहाटे स्वयंपाकघरात आले तर ती कॅम्पचं पत्र समोर ठेवून बसली होती, एका ओळीवर बोट. मला पाहताच पत्र पावाखाली सरकवलं.

"आई, घेऊन टाकूया ना साडेसोळाला. तुझा जीव टांगणीला लागलाय."

"जीव कुठला? चहा पी." तिने कप भरला. अर्धा चहा बशीत सांडला. अठ्ठावीस वर्षं दीडशे मुलांना सूप वाढताना तिने थेंब सांडला नव्हता.

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी नऊला दुकान उघडतं. आम्ही सकाळी गेलो नाही. दुपारीही नाही. आई दोन वाजता केस कुरळे करायला बसली. मी सारखी घड्याळ बघत होते. खरं तर तीसुद्धा.

तीनला पोचलो. कोल्बी दारातच होता, टाय आधीच सैल. आणि पहिल्यांदाच मिस्टर डर्क काचेतून बाहेर आले. अगदी लहानखुरे आहेत, आणि एक गुडघा दुखतो.

"मॅडम," ते आईला म्हणाले, "सोळा हजार चारशे. छत नीट केलंय. टायर नवे. सगळे खर्च धरून. याच्याखाली गेलो तर मला तो गोरिला विकावा लागेल."

"किती घेता त्याचे?" आईने विचारलं.

मिस्टर डर्क यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही याआधी कुठे विक्रीत होतात का?"

"छे! मी स्वयंपाकीण. मुलं गाजर खात नसत, मी खायला लावायचे. तेवढंच."

आकडा सोळा हजार चारशेवर ठरला. आतल्या खोलीत अत्तरवाल्या बाईंनी हमी, फवारा, खास हवा वगैरे पुन्हा एकेक काढलं. आई अकरा वेळा 'नको' म्हणाली. दुसरा एकही शब्द नाही. मी मोजलं.

या दुकानात एक रीत आहे. गाडी विकली गेली की गिऱ्हाइकाने दारातली पितळी घंटा वाजवायची, मग भोंग्यावरून नाव पुकारतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. कोल्बीने मोठ्या हौसेने दोरी आईच्या हातात दिली. आईने ती परत त्याच्या हातात दिली.

"आधी पाणी."

"पाणी? प्यायला?"

"छतावर. नळी लाव. वीस मिनिटं."

आणि ती कॉफीचा कप घेऊन गाडीत शिरली, त्याच पलंगावर उताणी पडली. बाहेर कोल्बी शिडीवर उभा राहून नळी धरत होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. पाच वाजायला आले होते. मी आत डोकावले तर आई डोळे उघडे ठेवून झरोक्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. आई कधी प्रार्थना करत नाही.

एकही थेंब आला नाही.

आईने घंटा अशी वाजवली की दोरी तुटली.

निघताना मी कोल्बीचे आभार मानले. म्हटलं, "आपण दोघं खरं बोललो म्हणून हे झालं." तो बोनस मिळूनही थोडा गोंधळलेला होता. "रोझान," तो म्हणाला, "तुमच्या आईला आमच्याकडे नोकरी हवी असेल तर..." आणि मग म्हणाला, "नको. राहू दे. साहेबांची खुर्ची जाईल."

घरी आल्यावर आई म्हणाली की रेंजरबाईंचा पुन्हा फोन आला होता. तारीख परत एक मे झाली. म्हणजे उद्या! सरकारी कामं अशी असतात. नशीब खोकी भरलेली होती.

१ मे, शुक्रवार

आईने गाडी चालवली. चार तास चढ. इंजिन दोनदा तापलं. दुसऱ्यांदा आम्ही अर्धा तास रस्त्याकडेला उभ्या होतो, आणि आई रेडिएटरकडे बघत होती. पेसन गावाच्या पुढे हवा गार झाली, पाइनचा वास आला. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी तळ्याच्या फाटकात शिरलो.

रेंजरबाई बेगे टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. शांत, पन्नाशीच्या. त्यांच्या गाडीत एक यादी होती, पहिल्या, म्हणजे आईच्या, नावावर काट मारलेली नव्हती अजून.

"चारच मिनिटं राहिली होती, मिसेस प्रुइट. पुढच्या बाईंना फोन लावणारच होते."

"पण तुम्हीच तर तारीख वीस केली होती ना?" मी विचारलं. "आणि मग परत एक?"

रेंजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई पाइनच्या शेंड्यांकडे पाहत होती.

"हं," रेंजरबाई म्हणाल्या. "कागद इकडचे तिकडे होतात आमच्याकडे." आणि त्यांनी गाडीचं छत तपासलं, संडासाचा नळ सोडून पाहिला, आणि आईच्या हातात यजमानिणीचं पिवळं जाकीट दिलं.

आईने ते अंगावर चढवलं. बटणं लावताना ती दोन वेळा चुकली. मग ती गाडीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ नुसतं तळं बघत राहिली.

३ मे, रविवार

मी उद्या परत जाणार होते.

इथे यजमानिणींना कामं वाटून देतात. एकीने तळ्याकाठच्या टपरीवर बसून पावत्या फाडायच्या. दुसरीने वरच्या कॅम्पातले बारा संडास धुवायचे. अजून कोणाला काय ते ठरलेलं नव्हतं. काल आई मला बाजूला घेऊन म्हणाली की मोठी पातेली उचलून उचलून तिचा उजवा खांदा गेला आहे, घासण्याचं काम तिला झेपणार नाही. पण रेंजरबाईंना हे मुळीच सांगायचं नाही, नव्या जागी तक्रार नको. मला तर हे माहीतच नव्हतं. परवाच तिने गॅसची टाकी एकटीने चढवली होती. किती सोसते ती!

आज सकाळी आईने मला रेंजरबाईंकडे कॉफी पोचवायला पाठवलं. त्या म्हणाल्या, "काय गं, आईची तब्येत बरी आहे ना?" आता सरळ विचारल्यावर मी काय करणार?

ऐकून घेताना रेंजरबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "तुला सगळं आईनेच सांगितलं का गं?"

"हो, पण तिने शपथ घातली होती. कृपा करून तिला कळू देऊ नका."

"नाही कळू देणार," त्या म्हणाल्या आणि कॉफी संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुपारी कामं वाटली. आईला टपरी मिळाली. तिला इतकं आश्चर्य वाटलं की तिने हात छातीवर ठेवले. मग मला जवळ ओढून म्हणाली, "रोझी, उद्याच्या उद्या कशाला जातेस? सप्टेंबरपर्यंत राहा ना. मला इथे तुझी गरज आहे."

मला फार भरून आलं. मी विचारलं, "पण मी इथे काय काम करणार, आई?"

"काम काही नाही गं," ती म्हणाली. "लोकांशी बोलत जा."